शिवेवरून परतलेल्या कोंबड्या

त्या उन्हाळ्यात आमच्या गावात दोनच गोष्टींची आवक नियमित होती: रेशनच्या दुकानातला तांबडा मिलो आणि जीपमधून येणारी दुष्काळ पाहणी पथके. मिलो हे धान्य कुठल्याशा देशात जनावरांना घालतात असे ऐकिवात होते, आणि गावातली माणसे ते मुकाट्याने खात होती. पथके काय खातात हा प्रश्न निराळा होता.

मी आक्काला न्यायला आलो होतो. आक्का म्हणजे रतनबाई, माझी थोरली बहीण. लग्नानंतर वर्षभरात विधवा होऊन ती माहेरी परतली तेव्हा मी रांगत होतो. पुढे आई गेली आणि मला वाढवले ते आक्कानेच. नगरच्या कॉलेजात मला नोकरी लागली, सावेडीच्या माळावर सोसायटीत लहानसे घर झाले, तेव्हापासून दर उन्हाळ्यात मी तिला न्यायला येत असे आणि दर उन्हाळ्यात ती मला शेंगदाण्याची चटणी बांधून देऊन एकट्याला परत लावून देत असे. यंदा शेंगदाणेही नव्हते. विहिरींचे तळ उघडे पडले होते, पाणी टँकरने येत होते आणि निम्मे गाव पाझर तलावाच्या कामावर खडी फोडत होते. यंदा तिच्याजवळ नकाराचे कारण उरले नसेल असे मी धरून चाललो होतो.

"येते की," ती म्हणाली. "पर ह्यांचं काय?"

'ह्या' म्हणजे तीन कोंबड्या. एक काबरी, एक ढवळी, आणि तिसरी उघड्या मानेची. तिला आक्का 'बोडकी' म्हणत असे. तिघीही म्हाताऱ्या होत्या. त्यांनी अंडी घालणे केव्हाच सोडले होते, आणि दुष्काळ संपला तरी त्या पुन्हा अंड्यावर येतील असे त्यांच्या चालीवरून वाटत नव्हते. काबरीचा एक पंजा वाकडा होता. ढवळी आता ढवळी म्हणण्याजोगी राहिली नव्हती. बोडकी तेवढी अजून ताठ चाले, तीही बहुधा मानेवर पिसे नसल्यामुळे तसा भास होत असावा.

"गोजरबाईकडे ठेव," मी म्हणालो.

गोजरबाई म्हणजे भिंतीपलीकडची शेजारीण. दसऱ्यानंतर तिचे घर ऊसतोडीला राहात्याकडे निघाले की तिच्या कोंबड्या आक्काकडे अर्धलीने राहत. अर्धलीचा नियम साधा आहे: जितकी पिले निपजतील त्यातली निम्मी सांभाळणाऱ्याची. कित्येक हंगाम हा व्यवहार विनातक्रार चालला होता. शिवाय यंदा तोडीला ऊसच नसल्याने गोजरबाई गावातच होती.

"विचारलं मी तिला," आक्का म्हणाली.

तेवढ्यात भिंतीवरून गोजरबाईचे डोके वर आले. आमच्याकडे भिंती आडोशासाठी नसतात, हनुवटी टेकायला असतात.

"अर्धलीनं घेऊ म्हनती तुजी बहीन," ती मला म्हणाली. "अर्ध कशाचं रं घेऊ? पिसांचं?"

"शेवगावच्या बाजारात विकता येतील," मी म्हणालो.

"इकल्या काय अन् कापल्या काय," आक्का म्हणाली. "सुरी दुसऱ्याच्या हातात, एवढंच."

या विधानात खोट काढता येत नव्हती. धर्मभीरू माणसांची कित्येक पिढ्यांची शांत झोप या एवढ्या अंतरावर उभी आहे, सुरी आणि हात यांच्यामधल्या. पण ती चर्चा अंगणात करण्याजोगी नव्हती. मी शेवटचा पर्याय मांडला.

"मग कापू या. तूच कितीक कापल्यास."

ते खरेच होते. आक्का काही माळकरीण नव्हती. माझ्या प्रत्येक परीक्षेच्या निकालाला तिने आपल्या हाताने कोंबडा सोलला होता, आणि नापास झालो त्या वर्षी जरा मोठा सोलला होता.

"कोंबडा कापायलाच असतो," ती म्हणाली. "ह्या तसल्या न्हाईत."

"का? यांच्यात वेगळे काय आहे?"

अंगणाच्या कोपऱ्यात शेणकुटे भरून पालथे घातलेले मडके होते. ते तिने उचलले. खाली वाळवी लागली होती. दाणे माणसांनाच पुरत नव्हते, म्हणून कोंबड्यांसाठी तिने ही शेती काढली होती. दिवस कलला होता. बाभळीखालून काबरी निघाली, तिच्यामागून ढवळी, आणि सर्वांत शेवटी, वाटेत थांबून उगाच इकडे तिकडे पाहत, बोडकी. तिघी दाराशी आल्या. आक्का उकिडवी बसून त्यांच्यापुढे शेणकूट झटकत म्हणाली,

"दिस बुडाला की दाराशी येत्यात. दुसरं कोन येतंय माज्या दाराशी दिस बुडाल्यावर?"

हे माझ्याकडे न पाहता म्हटले होते. टोमणा नव्हता तो. टोमणा असता तर मला उत्तर देता आले असते.

काकासाहेब आला तेव्हा वाळवी खाऊन कोंबड्या खुराड्यात शिरत होत्या. काकासाहेब आमचा चुलतभाऊ आणि गावचा सरपंच. तो दुष्ट माणूस नव्हता. दुष्ट माणसाशी वाद घालता येतो. काकासाहेब गावाच्या भल्यासाठी झटणारा, पंचायत समितीच्या शिबिरांत वह्या भरणारा, आणि शिबिरात ऐकलेला प्रत्येक शब्द घरी आणून वापरणारा गृहस्थ होता.

"उद्या पथक येतंय, आक्का," तो बसता बसता म्हणाला. "मोठे साहेब हायेत. पाझर तलावाचं काम पावसापर्यंत चालू ठिवायचं का बंद करायचं, ते त्येंच्या हातात हाय. त्येंना जेवू तर घालावं लागंल."

"घाल की. मिलोची भाकर हाय, पिठलं हाय."

"आक्का, थट्टा करू नगं. साहेबाला मिलो?"

"का? गोड न्हाई लागत?"

काकासाहेबाने माझ्याकडे आधारासाठी पाहिले. मी आकाशाकडे पाहिले. दुष्काळ किती पडला आहे हे पाहायला आलेल्या माणसांसमोर दुष्काळ वाढू नये, हा शिष्टाचार आमच्याकडे किती जुना आहे याचा मी विचार करत होतो. पथक उपाशी लोकांना पाहून हळहळते, आणि हळहळण्याने भूक लागते. मग उपाशी लोकांनी त्या भुकेची सोय करायची असते.

"गावात कोंबडी न्हाई उरली," काकासाहेब पुढे म्हणाला. "मानमोडीच्या साथीनं सगळी खुराडी रिकामी केली. ऱ्हायल्या त्या तुज्या तीन."

"अन् तुज्या पांढऱ्या?"

काकासाहेबाच्या परसात जाळीच्या घरात पांढऱ्या विलायती कोंबड्या होत्या. त्या त्याला योजनेतून मिळाल्या होत्या आणि त्यांना सुयाही टोचल्या होत्या.

"त्या अंड्यावर हायेत. अन् त्या पथकाला दाखवायच्यात," तो म्हणाला. "त्याच कापल्या तर दावू काय? आक्का, शास्त्र काय सांगतं? अनुत्पादक पशुधन काढून टाकावं. तुज्या तिघी अनुत्पादक हायेत. नुसत्या खात्यात. परत गहिनीनाथ तुला नगरला न्यायला आलाय, तुला ह्येंचीच अडचन. म्हंजे बघ, तुजी अडचन गेली, साहेबांचं जेवन झालं, गावाचं काम झालं. सकाळी कानिफनाथ शिपायाला पोतं घिऊन धाडतो."

साहेबांचे जेवण वगळले तर हेच मी नुकतेच आक्काला सांगितले होते. शेवटही तोच होता. माझे व्याकरण तेवढे शुद्ध होते.

"बरं," आक्का म्हणाली. "धाड."

ती इतक्या सहज म्हणाली की मी चपापलो. काकासाहेब खूश होऊन गेला. भिंतीवरची हनुवटी आत गेली. आक्काने खुराड्याच्या तोंडाला दगड लावला, तो हाताने हलवून पाहिला, आणि आत जाऊन चूल पेटवली.

सकाळी तिने मला उठू दिले नाही.

"पडून ऱ्हा. आजारी हाईस तू."

"मी ठणठणीत आहे."

"कपाळ तापलंय."

"आक्का, वैशाख आहे. गावातल्या प्रत्येकाचे कपाळ तापले आहे."

"तुजं जास्त." तिने माझ्या अंगावर गोधडी टाकली. मग कपाळावर हळदीचा मोठा पट्टा ओढला आणि दारामागून डालगे पुढे ओढले. त्या वेताच्या टोपलीत तिघी कोंबड्या दाटीवाटीने बसल्या होत्या आणि माझ्याइतक्याच गोंधळलेल्या दिसत होत्या. तेव्हा मला उमगले.

उतारा. आजारी माणसावरून कोंबडी ओवाळायची, त्याची पीडा तिच्यात उतरवायची, हळदी-कुंकू लावून तिला गावाच्या शिवेबाहेर सोडून यायचे. सोडून येणाऱ्याने मागे पाहायचे नाही आणि वाटेत बोलायचे नाही. ते पाखरू मग कोणी धरत नाही. जो खाईल त्याच्या अंगी ती पीडा जाते. उपाशी कुत्र्यालाही लोक त्याच्यापासून हाकलतात.

ही प्रथा किती खुळचट आहे हे मी आदल्याच वर्षी याच गावात, मारुतीच्या देवळात, तासभर पुराव्यानिशी सिद्ध केले होते. आक्का पहिल्या ओळीत बसली होती. भाषण कसे झाले असे विचारल्यावर ती म्हणाली होती, "घसा लई ताणलास."

"आक्का," मी गोधडीतून म्हणालो, "हे मला करता येणार नाही. मी या विषयावर बोलतो, लिहितो. लोक काय म्हणतील?"

"तुला कुटं काय करायचंय? तू निस्ता पडून ऱ्हा. येतं न्हवं पडून ऱ्हायला?"

"पण हे खोटे आहे."

"मंग तुला काय व्हनार हाय?" तिने काबरीला बाहेर काढले. "खोटंच हाय तर कोंबडी फिरवली काय अन् सूप फिरवलं काय."

तर्कशास्त्राच्या दृष्टीने मी निरुत्तर झालो, आणि खरे सांगायचे तर मला निरुत्तर व्हायचेच होते. रात्रभर तो एक शब्द माझ्या डोक्यात फिरत होता, अनुत्पादक. उभ्या गावाला मिलो घालून स्वतः कोंबडी जेवणाऱ्या पथकाने आजवर काय उत्पादन केले, असा प्रश्न काकासाहेबाच्या शिबिरात कोणी विचारला नव्हता. मी हनुवटीपर्यंत गोधडी ओढली.

काबरी माझ्या डोक्यापासून पायापर्यंत फिरली. ढवळी फिरली. बोडकीला फिरवताना आक्काचा हात थकला असावा, कारण बोडकी मध्येच माझ्या छातीवर टेकली आणि उठेना. तिचे पोट ऊबदार होते. तिने मान वाकडी करून एका डोळ्याने माझ्याकडे निरखून पाहिले. माझ्या आयुष्यात परीक्षकांनीही मला इतक्या शांतपणे जोखले नव्हते.

"बसू दे थोडं," आक्का म्हणाली. "वळखती ती तुला."

कानिफनाथ, ग्रामपंचायतीचा शिपाई, पोते घेऊन दारात आला तेव्हा तिघींच्या पाठी हळदी-कुंकवाने माखल्या होत्या आणि पायांत काळे दोरे होते. तो उंबऱ्याबाहेरच थबकला.

"रतनाक्का, ह्ये काय?"

"प्रोफेसरला लागलंय रं. कालच्यापास्नं अंग भाजून निगतंय. बडबडतोय निस्ता."

मी खोकलो. प्रसंगाला तेवढे पुरेसे वाटले.

"पर सरपंच म्हनले, कोंबड्या..."

"ने की. मी कुटं नगं म्हनते? आता उतरल्यात त्याच्यावरनं. घाल पोत्यात."

कानिफनाथाने पोते पाठीमागे लपवले. मग त्याला शंका आली. "आक्का, एका मानसाला एक कोंबडी लागती. ह्या तीन?"

"शिकल्याला लागलंय, बाबा," आक्का म्हणाली. "डोस्क्यात लई भरलंय त्याच्या. एकीनं कुटं उतरतंय?"

हे स्पष्टीकरण त्याला संपूर्ण पटले. त्याने माझ्याकडे सहानुभूतीने पाहिले आणि तो आल्या पावली परतला. आक्काने डालगे डोक्यावर घेतले. दारातून निघताना तिने एकदाच तोंड उघडले आणि हळूच म्हणाली, "म्हसोबाच्या खड्ड्यात अजून वलावा हाय. किडं असत्यात." मग तिने ओठ मिटले. गोजरबाईने पोरांना आत ओढून दार लोटल्याचा आवाज मला अंथरुणातून ऐकू आला. आक्का शिवेपर्यंत गेली आणि रिकामे डालगे घेऊन मागे न पाहता परत आली. मागे न पाहणे तिला जड गेले असावे. येऊन ती बराच वेळ चुलीपुढे नुसती बसली, आणि चूल पेटलेली नव्हती.

दुपारी जीप आली. पथकाने पाझर तलाव पाहिला, टँकर पाहिला, काकासाहेबाच्या पांढऱ्या कोंबड्या पाहिल्या. मग काकासाहेब साहेबांना घेऊन थेट आमच्या घरी आला. नगरचे एक प्राध्यापक गावात आजारी आहेत असे ऐकून साहेबांनी विचारपूस करण्याची इच्छा दर्शवली होती. काकासाहेबाचा हेतू अर्थातच वेगळा होता. तो घायकुतीला आला होता.

"साहेब, ह्ये गहिनीनाथराव. ह्येंनी मागल्या साली देवळात भाषान केलं की उतारा-बितारा सगळं झूट हाय. आता ह्येंच्याच तोंडानं ऐका. कोंबड्या शिवंवर म्हसोबापाशी हिंडत्यात. ह्येंनी नुस्तं सांगावं, माजा मी धरून आनतो. तासाभरात रस्सा तयार."

साहेब हे स्वच्छ कपड्यांतले, मृदू बोलणारे गृहस्थ होते. ते खाटेपासून थोडे दूरच उभे राहिले.

"मी आपले लेख वाचतो, सर," ते म्हणाले. "फार पटतात. तर मग असं काही नसतं, होय ना?"

दारात आक्का उभी होती. तिने माझ्याकडे पाहिले नाही. पदराचे टोक तिने बोटाभोवती गुंडाळले होते आणि ती ते पुन्हा पुन्हा सोडवत होती. माझ्या परीक्षेचा निकाल पेपरात शोधताना ती असेच करत असे, कारण तिला वाचता येत नव्हते आणि माझ्या चेहऱ्याकडे पाहण्याचे तिला धाडस होत नसे.

"साहेब," मी म्हणालो, "या विषयावर मी बरीच वर्षे माहिती गोळा करतो आहे. उताऱ्याचे पाखरू ज्याच्या पोटात जाते त्याच्याकडे ती पीडा जाते, असे या सबंध पट्ट्यात मानतात. असे जेवण झाले त्या घरांच्या हकीकती मी स्वतः टिपून घेतल्या आहेत. बहुतेकांत सुरुवात पोटापासून होते."

"पोटापासून," साहेब म्हणाले.

"मग हगवण. काही ठिकाणी ताप मेंदूत गेल्याचे सांगतात. एका सरकारी नोकराच्या बाबतीत बदली झाल्याची हकीकत आहे."

"बदली? कुठे?"

"चांद्याकडे. जंगलात."

साहेबांनी रुमालाने मान पुसली. यातले एकही अक्षर खोटे नव्हते. ती हकीकत मला एका कारकुनाने स्वतःच्या तोंडाने सांगितली होती, आणि अत्यंत गंभीरपणे सांगितली होती. लोक असे सांगतात, एवढेच मी सांगत होतो. विद्वत्ता बहुतांशी हेच करते.

"पण आपलं स्वतःचं मत काय?" साहेबांनी विचारले. आवाज आता खालच्या पट्टीत आला होता.

"माझे मत? सकाळी बहिणीने माझ्यावरून तीन कोंबड्या उतरवल्या. आता माझ्या अंगात ताप नाही. हात लावून पाहा."

साहेबांनी हात पुढे केला नाही. तो त्यांनी खिशात घातला.

"राहू द्या हो, सरपंच," ते म्हणाले. "उगाच कशाला? आपल्या खेड्यातलं पिठलं-भाकरी, त्याची सर कशाला येते? तेच करा."

त्या दिवशी पाहणी पथक मिलोची तांबडी भाकरी जेवले. वाढायला गोजरबाई होती. ती नंतर सांगत होती की पहिल्या घासाला साहेब थांबले, भाकरी उलटी करून पाहिली, आणि हे रोज खाता का, असे त्यांनी विचारले. गोजरबाई म्हणाली, "न्हाई साहेब, रोज कुटं मिळतीया?" पाझर तलावाचे काम पावसापर्यंत चालू राहिले. त्याची मंजुरी जीप नगरहून निघण्याआधीच झालेली होती असे पुढे कळले. पाहणी नंतर जोडायची होती.

आक्काच्या बेतात एकच चूक होती. तो बेत तिने ज्या कारणासाठी केला, तेच ती विसरली होती. तिच्याबरोबर मीही विसरलो होतो.

दिवस बुडाला आणि कोंबड्या घरी आल्या.

प्रथम गोजरबाईने पाहिले. "रतनाक्का!" भिंतीवरून किंकाळीच आली. "फिरल्या गं! उतारा फिरला!"

काबरी वाकड्या पंजाने लंगडत सबंध गावाच्या मधून आली होती. तिच्यामागे ढवळी, आणि मागे राहिलेली बोडकी. कुंकू धुळकट पिसांवर पसरून त्या फार भेसूर दिसत होत्या. लोक दोन्ही बाजूंना सरकून वाट देत होते. मंत्र्यालाही आमच्या गावाने अशी वाट दिली नव्हती. तिघी दाराशी येऊन उभ्या राहिल्या आणि सवयीने मडक्याकडे पाहू लागल्या.

माणसे जमली. शिवेवर सोडलेली पीडा परत आली म्हणजे ती घरात राहणार, आणि भिंतीला भिंत लागून असलेल्या घरांतही जाणार. गोजरबाई खरोखर रडत होती. तिच्या घरात तान्हे मूल होते. कोणी म्हणाले मारून पुरून टाका. कोणी म्हणाले कोरड्या विहिरीत टाका. काकासाहेब आला होता. दुपारपासून त्याला माझा संशय होता, पण आता त्याचाही चेहरा उतरला होता. शिबिरात याविषयी काही सांगितले नव्हते.

"आक्का, बाजूला हो," तो म्हणाला. "कानिफनाथ, फावडं आन."

आक्का बाजूला झाली नाही. ती खुराड्यापुढे उकिडवी बसली आणि तिने तिघींना पदराखाली घेतले, हळदीसकट. उतारा खोटा आहे असे ती सांगू शकत नव्हती. तसे सांगावे तर सकाळचे सगळे उघडे पडत होते, आणि उघडे पडले असते ते तिच्यापेक्षा माझे. म्हणून ती गप्प होती. माझ्या नावासाठी ती आपल्या कोंबड्या देऊन टाकायला निघाली आहे हे मला त्या क्षणी कळले, आणि आजारी माणूस गोधडी फेकून अंगणात आला.

"फावडे राहू द्या," मी म्हणालो. "पीडा कोणाची आहे? माझी ना? मग ती माझ्यामागे आली तर तिचे काय चुकले? मी नेतो तिला."

"कुटं?" काकासाहेबाने विचारले.

"नगरला. शिवेच्या पुष्कळ पलीकडे आहे. तिथून त्या काही चालत येणार नाहीत."

लोकांनी विचार केला. पीडा ज्याची त्याने न्यावी यात आक्षेप घेण्याजोगे काही नव्हते. शिवाय ती नगरला जात होती, आणि नगरविषयी कोणालाच फारशी माया नव्हती.

डोळे पुसून गोजरबाईच प्रथम भानावर आली. "अन् ह्यो नेनार?" ती म्हणाली. "ह्याला कोंबडी धरता तरी येती का? यष्टीतच सोडून दील. शेवगावच्या ष्टँडवर सोडील, अन् रातीच्याला हायेतच आपल्या दारात!"

सगळ्यांचे डोळे आक्काकडे वळले. आक्का माझ्याकडे पाहत होती. मग तिने बोडकीच्या डोक्यावरचे कुंकू पदराने पुसले.

"माजं लुगडं वाळत हाय मागं," ती मला म्हणाली. "काढून घडी घाल. नीट घाल."

सकाळच्या गाडीला एवढी गर्दी होती की माणसे पायरीवर लोंबकळत होती. आक्का डालगे घेऊन चढली. कंडक्टर खेकसला, "ए म्हातारे, कोंबड्या टपावर टाक." मग त्याने डालग्यात वाकून पाहिले. हळद पाहिली, कुंकू पाहिले, काळे दोरे पाहिले. त्याने तिकिटाची पेटी छातीशी धरली आणि मागच्या बाकावरची माणसे स्वतःहून उठली. नगरपर्यंत त्या सबंध बाकावर आम्ही दोघे, मध्ये डालगे, असे पाय पसरून बसून गेलो. माझ्या इतक्या वर्षांच्या प्रबोधनात समाजाने मला एवढी जागा कधी दिली नव्हती. आक्का खिडकीतून उजाड रानाकडे पाहत होती. मध्येच ती म्हणाली, "खोटं हाय म्हनतोस न्हवं?"

"हो."

"बरंय," ती म्हणाली, आणि काबरीचा वाकडा पंजा डालग्याच्या फटीतून आत सारून डोळे मिटून बसली.

सावेडीच्या घराच्या फाटकात माझी बायको केशर उभी होती. आक्का अखेर आली म्हणून तिला खराच आनंद झाला होता. मग तिचे लक्ष डालग्याकडे गेले. सोसायटी शिकल्यासवरल्यांची होती, शेजारी न्यायाधीश राहत होते, आणि मागच्या अंगणात केशरने गुलाब लावले होते.

"वन्सं," ती शक्य तितक्या गोड आवाजात म्हणाली, "या... अंडी देतात ना?"

"न्हाई गं."

"मग काय करतात?"

आक्काने डालगे खाली ठेवले आणि झाकण उघडले. बोडकी प्रथम बाहेर आली. तिने मान ताठ करून गुलाबांची पाहणी केली.

"ह्यो काय करतो?" माझ्याकडे हनुवटी करून आक्का म्हणाली. "दिसभर वाचत बसतो. दिस बुडाला की घरी येतो. तू ठिवलाच हाईस न्हवं त्याला?"

केशर हसत सुटली आणि तिने आक्काच्या हातातली पिशवी घेतली. त्या संध्याकाळी मी बाहेरून परतलो तेव्हा मागच्या अंगणात एक नवे मडके पालथे घातलेले होते, आणि त्याच्याभोवती आक्का धरून चौघीजणी बसून माझी वाट पाहत होत्या.